वहिनींची सून रात्री हसते कशाला?

कढीपत्ता हा निव्वळ बहाणा असतो, हे निगडी-प्राधिकरणातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. पलीकडच्या वहिनींच्या दारात त्यांचं स्वतःचं कढीपत्त्याचं झाड आहे. तरी परवा त्या आमच्या कंपाउंडपाशी आल्या, दोन काड्या मागितल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, एक विचारू? आमची सून रोज रात्री साडेदहाला मोबाईल घेऊन गॅलरीत बसते. एकटीच हसते. मधेच डोळे पुसते. मुलगा म्हणतो, शाळेचं काम आहे. शाळेचं काम करताना कोण हसतं हो?"

शाळेचं काम करताना रडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. पोर्टल बंद पडलं म्हणून रडणाऱ्या, माहिती 'आजच्या आज' मागितली म्हणून रडणाऱ्या, जनगणनेची यादी हातात पडली म्हणून रडणाऱ्या. हसणारी पहिलीच. त्यामुळे मलाही राहवेना.

वहिनींची सून चाकणच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सातवीचा वर्ग. सकाळी स्कूटी काढते, तळवड्यावरून महाळुंग्याच्या रस्त्याला लागते आणि कंटेनरांच्या मधून वाट काढत शाळा गाठते. रविवारी ती कपडे वाळत घालायला आली तेव्हा मी सरळ विचारलं. ती हसलीच. "काकू, ब्लॉग आहे. आमच्या वर्गाचा. पोरांनी लिहिलेलं रात्री वाचते, मग सकाळी वर टाकते. सासूबाईंना वाटलं असेल कोणाशी बोलते!"

"वाटलं नाही, वाटतंय," मी म्हटलं.

आता ब्लॉग म्हटल्यावर मी नाक मुरडलं, हे खरं. कारण आपल्याकडे मास्तरांच्या ब्लॉगांना काही तोटा नाही. 22 जून 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, त्या सुमाराला जिल्हा परिषदेच्या शाळांत 'टेक्नोसॅव्ही शिक्षक' हा एक नवा मान सुरू झाला. ज्याच्या त्याच्या नावाचा ब्लॉग. आणि त्यावर काय? शासन निर्णयांच्या पीडीएफ, चाचणीच्या प्रश्नपत्रिका, रजेचे नमुने, वेतन आयोगाची गणितं. उपयोगाच्या गोष्टी आहेत, नाही म्हणत नाही. आडगावच्या एकशिक्षकी शाळेतल्या माणसाला त्याच ब्लॉगांनी तारलंय. पण त्यात पोर कुठाय?

सगळ्यात खपाचा माल म्हणजे वर्णनात्मक नोंदी. 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकानं दोन ओळी स्वतः निरीक्षण करून लिहायच्या, असा त्यामागचा चांगला हेतू. झालं काय, की नोंदी तयार मिळायला लागल्या. विषयवार, इयत्तावार, उतरवून घ्यायला सोप्या. 'दिलेला स्वाध्याय वेळेत पूर्ण करतो', 'कवितेचे तालासुरात गायन करते'. चंदगडपासून धडगावपर्यंत निम्मी लेकरं एकाच तालासुरात गात असतील कागदावर.

हे मी तिला बोलून दाखवलं. तिनं चिमटे तोंडातून काढले आणि म्हणाली, "काकू, म्हणून तर. माझ्या ब्लॉगवर माझी एक ओळ नाही. पोरांचंच आहे सगळं."

एवढ्यात आमचे हे बाहेर आले. टेल्कोत आयुष्य गेलं, त्यामुळे कंपनीला अजून टाटा मोटर्स म्हणत नाहीत आणि कुठलाही विषय शॉपफ्लोअरवर नेल्याशिवाय यांना घास उतरत नाही. म्हणाले, "शिफ्ट रजिस्टर आहे हे. आमच्याकडे पहिल्या पाळीचा माणूस दुसऱ्या पाळीसाठी लिहून जायचा. तीन नंबरच्या मशिनचं कूलंट गळतंय, बघून चालव. सातवी नापास माणूससुद्धा ते नीट लिहायचा. का? पुढचा वाचणार आहे हे माहीत. शुद्धलेखनाला मार्क नव्हते, पण चुकीचं लिहिलं तर दुसऱ्याचं बोट जायचं."

एरवी मी यांचं म्हणणं सहसा मान्य करत नाही, पण हे पटलं. शाळेतला निबंध वाचतं कोण? बाई. वाचतात का? लाल पेननं ऱ्हस्व-दीर्घ बघतात, खाली सही, तारीख, 'अक्षर सुधार'. 'मी पंतप्रधान झालो तर' लिहिणाऱ्या पोराला पक्कं ठाऊक असतं की तो पंतप्रधान झाल्याचं कोणालाच कळणार नाहीये. मग ते गाईडातून उतरवतं. त्याचं काय चुकलं?

वहिनी भिंतीपलीकडून ऐकत होत्याच. म्हणाल्या, "आमच्या वेळी हस्तलिखित असायचं की! मी सजावट केली होती एकदा. जिलेटिन कागद लावून."

बरोबर आहे. आणि त्याच्याही मागं जाऊ. साने गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा ते मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. दैनिक, बरं का! छापखाना नाही, कचेरी नाही. लिहायचं आणि मुलांना वाचायला लावून ठेवायचं. पुढं 1928 ला 'विद्यार्थी' मासिक काढलं. आपण गुरुजींचं नाव काढलं की आई, अश्रू आणि धडपडणारी मुलं एवढ्यावर थांबतो. रोज वाचक समोर ठेवून लिहिणारा हा मास्तर मला जास्त आवडतो.

गंमत म्हणजे त्याच 1924 च्या सुमाराला तिकडे फ्रान्सच्या दक्षिणेला बार-सुर-लू नावाच्या गावात सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक प्राथमिक शिक्षक वर्गात लहानसा छापखाना घेऊन आला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागलेली, तासन् तास बोलणं व्हायचं नाही. मग त्यानं पोरांनाच बोलतं केलं. बाहेर फिरायला न्यायचं, आल्यावर पोरांनी लिहायचं, वर्गानं निवडायचं, आणि पोरांनीच शिशाचे खिळे जुळवून छापायचं. दोन वर्षांत त्याच्या पोरांचे कागद पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतल्या एका शाळेत जायला लागले आणि तिकडचे इकडे यायला लागले. डोंगरातल्या पोरांना समुद्रकाठच्या पोरांचं जगणं कळलं ते त्या कागदांतून.

सुनेला फ्रेनेचं नाव डी.एड.ला नव्हतं. पण करते ती तेच, मोबाईलवर.

करते कसं, ते मात्र खोदून विचारावं लागलं, कारण तिच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला तर त्यातच सगळं दिसलं. खातं तिच्या एकटीच्या नावावर. तेरा वर्षांखालच्या मुलाला गूगलचं स्वतःचं खातं स्वतःच्या जोरावर काढता येत नाही, आणि सातवीतली निम्मी पोरं बारा-तेराच्या उंबऱ्यावर. म्हणजे पासवर्ड पोरांकडे नाही. आधी वहीत लिहायचं. मग शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. ऐकणारा जिथं 'आँ?' म्हणेल, तिथं खूण करायची. तेवढंच दुरुस्त. मग वर्गातले दोन 'टायपिस्ट', दर आठवड्याला नवे, शाळेच्या टॅबवर ते घालतात. बोलून टाईप करायची सोय आहे, पण त्यात भलतंच होतं. वर्गात बिहारचं एक पोर आहे. त्याचं मराठी ऐकून टॅब इतका गोंधळला की सगळ्या वर्गानं तो उतारा फळ्यावर लिहून घेतला आणि मूळ वाक्य ओळखायचा खेळ केला. त्या दिवशी व्याकरणाचा तास वेगळा घ्यावा लागला नाही म्हणाली.

आणि विषय! 'पावसाळ्यातील एक दिवस' बंद. 'माझा आवडता ऋतू' बंद. कारण ते विषय मोबाईलला विचारले की निबंध तयार मिळतो, तोही अलंकारासकट. ती असं विचारते की उत्तर दुसऱ्या कोणाकडे असूच नये. तुझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? तळेगाव चौकात ट्रॅफिक अडकल्यावर तुझ्या बसचे ड्रायव्हरकाका काय म्हणतात? (यातलं सगळं छापता आलं नाही.) चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव पडला त्या दिवशी तुमच्याकडे काय झालं?

चाकणच्या किल्ल्यावर, संग्रामदुर्गावर लिहायला सांगितलं तेव्हा पुस्तकात आहे ते कोणी लिहायचं नाही, अशी अट. शाहिस्तेखानानं 1660 साली वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यानं जवळजवळ दोन महिने किल्ला धरून ठेवला, हे ठीक. पण आज तिथं जाऊन काय दिसतं ते लिहा. एका मुलीनं लिहिलं की एवढ्याशा भुईकोटात एवढी माणसं छप्पन्न दिवस पाणी कुठून पीत होती, हे मला कळत नाही. आमच्या चाळीत टँकर एक दिवस आला नाही तर भांडणं होतात. वहिनी म्हणाल्या, "खरंच की! हे कोणत्या पुस्तकात आहे?" कुठल्याच नाही. म्हणून तर!

सगळ्यात जास्त लिहिलं कशावर, तर बाबांच्या नाईट शिफ्टवर. मी सुनेच्या मोबाईलवर दोन-चार वाचले. दहा बाय बाराची खोली, दिवसा बाबा झोपलेले, म्हणून घरात सगळे खुणांनी बोलतात. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आई वरण पातेल्यात शिजवते. एकानं लिहिलंय, रविवारी बाबा जागे असतात तेव्हा आम्हाला काय बोलावं ते सुचत नाही. मी चष्मा काढून ठेवला. या पट्ट्यात इतकी वर्षं राहतोय. आकुर्डीला स्कूटर निघत होत्या तेव्हापासून भोंगे ऐकतोय. पाळीचं हे घरातलं टोक कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नव्हतं.

प्रतिक्रियांचा नियम मला फार आवडला. प्रत्येकानं आठवड्याला दुसऱ्याच्या लिखाणावर एक प्रतिक्रिया लिहायचीच. पण 'छान', 'मस्त', 'खूप सुंदर' आणि अंगठा, यांवर बंदी. प्रश्न विचारायचा, नाहीतर स्वतःला आठवलेलं सांगायचं. बाहेरच्या कोणाची प्रतिक्रिया तिनं वाचल्याशिवाय दिसत नाही. आता पालकही लिहायला लागलेत. एका आईनं रात्री एकला लिहिलं होतं, सेकंड शिफ्टहून आल्यावर. 'मी पातेल्यात वरण का शिजवते ते माझ्या मुलाला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.'

"मग ही रडणार नाही तर काय करेल," मी वहिनींना म्हटलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. कढीपत्त्याची पानं काडीवरून ओरबाडत राहिल्या.

पण सगळंच वर टाकायचं नसतं, हेही तिनंच सांगितलं, आणि मला वाटतं या कामातला खरा अवघड भाग तोच. एका पोरानं लिहिलं, बाबांना ब्रेक दिला. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला ब्रेक म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. कंत्राटावरच्या माणसाला काही महिने झाले की घरी बसवतात. तर बाबांना ब्रेक दिला, आता ते दिवसभर घरी असतात आणि आईला... पुढं जे होतं ते होतं. खाली कंपनीचं नाव, कंत्राटदाराचं नाव, सगळं होतं. लिहिलेलं इतकं सरळ आणि चांगलं, की कोणत्याही मास्तराला ते मिरवावंसं वाटलं असतं. हिनं टाकलं नाही. पोराला जवळ बोलावून सांगितलं की हे मी वाचलंय, हे आपल्या दोघांत. संध्याकाळी घरी न येता ती त्याच्या खोलीवर गेली, आईशी बोलली. दोन दिवसांनी त्यानं दुसरं लिहून दिलं, बाबांनी त्याला पंक्चर काढायला शिकवलं त्याचं. ते गेलं ब्लॉगवर.

"आणि तू त्याच दिवशी उशिरा आलीस, मी तुला बोलले," वहिनी हळूच म्हणाल्या. सून म्हणाली, "जाऊ द्या हो."

आमच्या ह्यांना कायद्याची भारी हौस. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठराच्या आतल्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, हे त्यांनी तिला ऐकवलं. तिच्याकडे पालकांच्या सह्यांचे कागद आधीच होते; जिथं सही येत नव्हती तिथं अंगठा, आणि वाचून दाखवल्याची नोंद. आडनाव नाही, चेहरा दिसेल असा फोटो नाही, कोणत्या गल्लीत राहतो ते नाही. कोणी टोपणनाव घेतलंय. एकानं 'गियर' घेतलंय. यावर मुख्याध्यापकांचं तोंड वाकडं, कारण त्यांना वर स्वतःचा फोटो हवा होता, झेंडावंदनाचा. तिनं सांगितलं, सर, फोटो टाकते. पण मग तुम्हीही दर आठवड्याला लिहायचं, नियम सगळ्यांना सारखा. फोटोचा विषय मिटला.

बाहेरचा वाचक तिनं लांबून आणला. डी.एड.ची मैत्रीण उदगीरकडे शिकवते. आता तिकडची पोरं इकडचं वाचतात, इकडची तिकडचं. आपल्याकडच्या चाकण-महाळुंग्याच्या खोल्यांत लातूर-नांदेड-बीडचीच माणसं भरलेली, तेव्हा हे नुसतं शाळा-शाळांचं राहिलं नाही. तिकडच्या पोरांचा पहिला प्रश्न होता, कंपनीत गेल्यावर माणूस बाहेर कधी येतो? इकडच्यांचा, पाऊस झाला का? एका आजीला तिचा नातू काय लिहितो ते तिकडची पोरं तिच्या ओट्यावर जाऊन वाचून दाखवतात. आजीनं निरोप पाठवला, खुणांनी बोलता तर बोला, पण जेवताना बोलू नका.

वहिनींना अजून एक शंका होतीच. "बक्षीस मिळतं का याला? तो सोलापूरकडचा मास्तर, त्याला नाही का सात कोटी मिळाले?" रणजितसिंह डिसले. परितेवाडीची शाळा, पुस्तकाला क्यूआर कोड लावले, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर. "आणि अर्धे बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकले," असं मी सांगितल्यावर वहिनींनी जो चेहरा केला तो मी इथं लिहू शकत नाही. लांब कशाला, आपल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेनं 2025 साली जागतिक शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार आणला. तिथं पोरंच पोरांना शिकवतात, 'विषयमित्र' म्हणतात त्याला. चाकणहून फार लांब नाही ते.

पण बक्षिसाचं नाव काढलं की मला धास्तीच वाटते. उद्या कोणी साहेब हा ब्लॉग बघेल, खूश होईल, आणि परवा परिपत्रक निघेल की जिल्ह्यातल्या प्रत्येक वर्गानं ब्लॉग करावा, लिंक अमुक तारखेपर्यंत भरावी, न भरल्यास खुलासा. मग काय होईल ते मी सांगते. तयार उतारे मिळायला लागतील. 'नाईट शिफ्टचे बाबा', इयत्तावार, उतरवून घ्यायला सोपे. सून म्हणाली, "काकू, तुम्ही कोणाला सांगू नका म्हणजे झालं." आता मी हे मासिकात लिहितेय, पण शाळेचं नाव कुठं सांगितलंय?

शेवटी प्रश्न काढला तो वहिनींनीच, आणि तो आम्हा कोणाला सुचला नव्हता. "बदली झाली की?" जिल्हा परिषदेत बदली ऑनलाइन होते, आज चाकण, उद्या वेल्हे. खातं हिच्या नावावर, पासवर्ड हिच्या डोक्यात. पोरांचं लिहिलेलं जाणार कुठं?

सुनेनं तो बंदोबस्त केलेला होता. खात्याची सगळी माहिती पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात. शिवाय दर सहामाहीला सगळ्याची छापील प्रत काढून, दोरा ओवून शाळेच्या ग्रंथालयात. आता पाकीट कपाटात ठेवायचं म्हणजे नोंद हवी. नोंद कुठं करायची यावर मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांच्यात अर्धा तास चर्चा झाली. आवक-जावकमध्ये बसेना, ग्रंथालयाच्या वहीत बसेना. शेवटी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये बसवलं. घंटा एक, लोखंडी कपाट दोन, नकाशे सात, आणि खाली 'ब्लॉग, इयत्ता सातवी, नग एक'. किंमत: निरंक. शेरा: चालू स्थितीत.